पंधरा मिन्टं डाक्टरीनबाईची, पाच माजी

माजं माहेर शेणव्याच्या पल्याडचं. डोंगराला टेकून एक वाडी हाय, पंधरा-वीस घरं, तिथली मी, नाव चांगुणा. लिवा, नाव लिवा, मला भ्या नाय. माज्या दादल्याचं बी लिवा, लहानू, पयले मी त्याचं नाव घेत नव्हती, आता घेते, आता कशाची लाज. आन् त्या मुकादमाचं पन लिवा, दत्तू. आडनाव नका लिवू, त्याची नातवंडं शाळेत जातात, त्यांचा काय गुना. पन दत्तू मुकादम म्हनून लिवाच. लोक मला म्हनतात, चांगुणा, झालं गेलं गंगेला मिळालं. मी म्हनते तुमचं मिळालं असंल बाबा, माजं माज्या पोटात हाय, आन् ते मी मरेपर्यंत तिथंच ऱ्हानार.

तर काय सांगत व्हती, माहेर. माज्या बापाला आमी चार पोरी, पोरगा नाय, मंग नदीवर जाळं टाकायला जाताना दोर धरायला कोन, तर मी. सात-आठ वर्सांची व्हती तवापासून माज्या हातात दोर. बाप पान्यात उतरून दगडाखाली अडकलेलं जाळं सोडवायचा आन् मी काठावर त्याच्या कंबरेचा दोर धरून बसायची. बाप सांगायचा, पोरी, डोळे मिटून धर, दोर हाताला सगळं सांगतो. आन् खरंच सांगतो. मानूस चालतोय का थांबलाय, घाबरलाय का निवांत हाय, सगळं हाताला कळतं. शाळेत मी गेलीच नाय, अंगठाबहाद्दर हाय, पन दोर धरनारी माज्यासारखी बाई शहापूर-मुरबाडात दावा मला. माज म्हना, काय म्हना.

लगीन झालं ते टोकावड्याच्या वरच्या अंगाला, डोंगरावर, ह्याच वाडीत, तुमी बसलाय तिथं. पयली ही वाडी खालती व्हती. मंग धरन झालं. धरनाचं नाव नका लिवू, सरकारी काम असतं, उगाच कोनाला तरास. तर धरन झालं, जुनी वाडी पान्याखाली गेली, मानसं चढून वर आली, वाघोबाचा दगड बी वर आनला आन् खिंडीत बसवला. तवापासून आमच्यात एक चाल हाय. धरनाच्या खोल पान्यात जो कोन उतरंल त्यानं त्याच दिवशी, सूर्य बुडायच्या आत, खिंडीत जाऊन देवाला तोंड दावायचं. का, तर पान्यानं आमची वाडी खाल्ली, तवा आता देव मानसं मोजतो, पान्यात गेलेला परत आला का नाय ते बघतो. बाजारातून आलास तर उद्या चालंल, पान्यातून आलास तर आजच. दोन तासांची उभी चढन हाय. पाय भरून आले तरी चढायचं.

माजा दादला पानबुड्या. त्याचा बाप बी पानबुड्या. दम रोखून असा जायचा का काठावरच्या बाया माज्याकडं बघायला लागायच्या, हिचं कुंकू येतंय का नाय वर. धरनात कोन बुडालं की पोलीस पाटील ह्यालाच बोलवी. त्याच्या बापानं त्याला एक शिकवलेलं, वर येताना घाई करायची नाय, दोन हात पसरले की एक वाव, असं दोन वाव ऱ्हायलं की दोराला धरून जरा थांबायचं, नायतर अंग मोडतं. का मोडतं ते बापाला ठाऊक नव्हतं. त्याच्या बापानं सांगितलं म्हनून त्यानं ह्याला सांगितलं.

मंग नव्वद साल उलटून गेल्यावर धरनाच्या दारांचं काम निघालं. ठेकेदार मुंबईला, त्याला आमी कवा बघितला नाय, आमाला देव म्हना राकूस म्हना तो दत्तू मुकादम. मुंबईच्या गोदीत पान्याखालची कामं केलेला, पोट सुटलेला, गळ्यात शिट्टी. वीटभट्टीवर जोडी घेतात तशी त्यानं जोडी घेतली, दादला खालती जानार, बायको तराफ्यावर दोर धरनार. मी इचारलं, बायाच कशाला. तर हसून बोलला, परका मानूस दोर सोडून इडी वढायला जातो, बायको सोडत नाय. हुशार व्हता मेला, ते मी नाय म्हनत नाय.

काम असं, दारासमोर खालती लोखंडाची जाळी असते, तिला ओंडके, झुडपं, गाळ येऊन बसतो, तो हातानं काढायचा. त्याला दम रोखून भागत नाय. तोंडात रबरी नळी, तराफ्यावर हवेचं मशीन धडधडतंय, कंबरेला शिशाचा जड पट्टा म्हंजे मानूस खालती ऱ्हातो, आन् दोर कप्पीवरून माज्या हातात. दोराला मी वावावावाला चिंधी बांधली व्हती, तेरा चिंध्या पान्यात गेल्या की जाळी लागली. खुना ठरलेल्या. खालून एक हिसका म्हंजे ठीक हाय, दोन म्हंजे सैल सोड, तीन म्हंजे वर घे. वरून मी एक दिला म्हंजे थांब. त्या पान्यात हात डोळ्यापुढं धरला तर दिसत नाय, सगळं बोलनं दोरातून.

त्या साली डाक्टरीनबाई यायला लागली. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यातली, वयानं माज्यायेवढीच, चष्मा, पायात बूट. मानूस पान्याखाली गेला की त्याच्या अंगात काय होतं ह्याचा अभ्यास करत व्हती. पुस्तकातले पानबुडे तिनं बघितले व्हते, आमच्यासारखे नाय. नळीत फुंकायला लावायची, छाती मोजायची, आन् एक पेटी व्हती तिच्याकडं, तिची वायर छातीवर धरली की आतल्या रगताचा आवाज भायेर यायचा. धप धप, धप धप. आमाला जाम मजा, बाया म्हनायच्या माज्याचा आधी लाव, बघू दे त्याच्या काळजात मी हाय का नाय. तर पान्यातून वर आल्यावर ऐकायची, परत अर्ध्या तासानं ऐकायची, आन् त्या धप धप मधी कवा कवा चट चट असा आवाज यायचा, तव्यावर लाह्या फुटतात ना, तसा. मी इचारलं, बाई, हे काय गो. ती बोलली, हवेचे फुगे हायेत, रगतातले. आन् वहीत लिवून घेतलं. आमी हसलो. दादल्याच्या रगतात लाह्या फुटतायत, हसू नाय येनार तर काय.

आता ते हसू आठवलं की तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

एकदा जाताना बाईनं मुकादमाला कागद दिला, मी बघितला देताना. चौकटी चौकटी आखलेल्या, आकडे. आमी समजलो हजेरीचा असंल. त्यानं घडी घातली, खिशात टाकला. मंग बाई पाऊस सरंपर्यंत आली नाय.

ती नव्हती तवाच झालं ते. माजा पोरगा पयलीत जायचा व्हता त्या साली, वैशाख सरत आलेला, पावसाच्या आत दारं मोकळी पायजेत म्हनून वरून हुकूम. पयले दिवसाला दोन बुड्या व्हायच्या, मुकादमानं पाच केल्या. आन् ते दोन वावावर थांबनं, बापानं शिकवलेलं, ते बंद. हा थांबला की वर मुकादम शिट्टी फुकायचा, वढ वढ, खालती झोपा काढायला नाय पाठवला, येवढ्यात दुसरी बुडी होती. मी दोन दिवस ऐकलं नाय. तिसऱ्या दिवशी बोलला, उद्यापासून दुसरी जोडी बघतो. मंग ऐकलं. पोटाला लागतं ना. त्या दिवशी चौथ्या बुडीनंतर दादला बोलला खांदा दुखतोय, कातडी चुरचुरते. मुकादम बोलला ताडी कमी पीत जा. आन् पाचवी बुडी. खालून तीन हिसके आले, मुकादम माज्या डोक्यावर उभा, भरभर वढ, भरभर. मी वढला. हां, मीच वढला. ह्याच हातांनी, तेरा चिंध्या एका दमात. दुसऱ्याचं नाव घेते मी, पन हे लपवत नाय.

आन् तसंच ओल्या अंगानं आमी खिंडीकडं निघालो, सूर्य बुडायच्या आत पोचायचं म्हनून. अर्ध्या चढनीवर बोलला कंबरेत सुरी घातल्यावानी होतंय. मी बोलली, चल, देवाम्होरं गेलास की बरं वाटंल. हे बी मीच बोलली. देवाच्या दगडाला हात लावला त्यानं, आन् तिथंच बसला, आन् उठता येईना. मांडीला चिमटा काढला तर कळंना. लघवी झाली ती बी कळंना. चांगुणा, माजे पाय कुठं गेले, असं इचारलं मला. पाय म्होरंच व्हते.

वाडीतल्या चार मानसांनी झोळी केली, चढलो ती वाट तशीच उतरून खालती आनला. मुकादमाच्या शेडजवळ जीप उभी. मी पाया पडली, ह्याला शहापूरला न्या, कल्यानला न्या, कुठं बी न्या. झोळीत वाकून बघितलं त्यानं, नुसतं एकदा बघितलं, आन् तोंडाचा रंग गेला त्याच्या, तो मी बघितला, पन तवा मला त्याचा अर्थ लागला नाय. मंग बोलला, प्यायलाय हा, झोपू द्या, उतरंल. जीप सायबाची हाय. आमी सकाळच्या यस्टीनं मुरबाडला नेला, तिथून कल्यानला. तिथं म्हनले मनक्याला काय तरी झालंय, आता हे असंच ऱ्हानार.

आता मुकादमाची हुशारी ऐका. ठेकेदाराला धाडायच्या कागदावर त्यानं लिवलं, कामगार सुट्टी झाल्यावर डोंगरावरून पडला. म्हंजे पान्याचा समंध नाय, कामाचा समंध नाय. आन् इकडं वाडीत येऊन ओटीवर बसला, चा प्यायला आन् सांगितलं, मी कानीकपाळी वरडत व्हतो हळू घे, पन बाईचा हात जड, हिनं वढला, हिनं मोडला. चोर तो चोर वर शिरजोर. आन् वाडीनं ते धरलं. का नाय धरनार, सगळ्यांना ठाऊक दोर माज्या हातात व्हता. सासू बोलली, चार पोरींच्या घरातली आनली तवाच मी नको म्हनत व्हती. एका बाईनं इहिरीवर माज्या हातातून दोर काढून घेतला, बोलली, तू नको गो हात लावू, आमी भरून देतो. चांगलं बोलली, गोड बोलली, पन दोर काढून घेतला. त्या दिवसापासून कोनी मला इहिरीचा दोर धरू देईना. मी हंडा घेऊन बाजूला उभी ऱ्हायची, भिकारनीसारखी, कोन कवा भरून देतंय त्याची वाट बघत. दादल्याचे पाय गेले ते दुख येगळं. हे येगळं. तवा मी ठरवलं का दत्तूच्याच तोंडून चार मानसांत खरं भायेर काढीन, नायतर त्याला पान्यात घालीन. दोनातलं एक.

पावसानंतर डाक्टरीनबाई आली. लहानू कुठं इचारलं, कळल्यावर दोन तास चढून इथं आली, ओटीवर बसून त्याचे पाय बघितले, सुई टोचून बघितली, आन् रडायला लागली. मला काय तिचं रडनं बघायचं नव्हतं. ती बोलली, चांगुणाबाई, खोल पान्यात दाबाखाली हवा घेतली की ती रगतात जिरते, मानूस हळू वर आला तर निघून जाते, भसकन आला तर फुगे होतात, मनक्यात जाऊन बसतात. टोकावड्याला गोटीचा सोडा मिळतो ना, गोटी हळू दाबली तर काय नाय, फटकन दाबली तर फेस भायेर, तसं. आन् वरून तुमी लगेच डोंगर चढलात, वर गेलं की बाहेरचा दाब आनखी कमी होतो, मंग फुगे आनखी मोठे. तुमी त्याच दिवशी खिंडीत जाता हे मला कोनी सांगितलंच नाय. मी पाच वाजता पेटी बंद करायची.

मी बोलली, आमाला कोनी इचारलंच नाय.

मंग ती बोलली, किती थांबायचं, दिवसाला किती बुड्या, सगळं मी मुकादमाला लिवून दिलं व्हतं. कोष्टक दिलं व्हतं. तो चौकटीचा कागद. माज्या डोक्याची शीर तडकली. मी तिला बोलली, बाई, तू शिकलेली ना, पान्यात जानार माजा दादला, दोर धरनार मी, आन् कागद दिलास मुकादमाला. आमाला वाचता येत नाय, पन कान हायेत ना आमाला. तोंडानं सांगितलं असतंस तर काय झिजलं असतं तुजं. तिनं मान खालती घातली. आनखी एक बोलली ती, ते ऐकून मी उठून भायेर गेली. बोलली, मुंबईला लोखंडाची टाकी असते, तिच्यात मानसाला घालून परत दाब देतात, त्याच दिवशी नेला असता तर पाय कदाचित आले असते. त्याच दिवशी. जीप उभी व्हती हो. किल्ली लावलेली व्हती.

बाईला मी माफ केलं, खरं सांगते, कारन तिनं चूक मानली आन् कामाला लागली. दुसऱ्या पानबुड्याबरोबर, वंशा त्याचं नाव, ती स्वता खिंड चढली, पेटी पाठीला बांधून, धापा टाकत, बूट फाटले तिचे, आन् वाघोबाम्होर वंशाच्या छातीला वायर लावली. खालती एखादी लाही फुटत व्हती, वर नुसता चटचटाट. भगत बाजूला उभा व्हता, त्यानं ऐकला. त्यानंच मंग सांगितलं का देवाला दुसऱ्या दिवशी मोजलं तरी चालंल, देव काय पळून जात नाय. मंग कामाच्या दिवशी पानबुडे रातचे खालती काठावरच झोपायला लागले. आन् मला बाईनं घड्याळ शिकवलं, मोठा काटा, छोटा काटा. तेरा वाव खोल, इतका येळ खालती, तर दोन वावावर इतकी मिन्टं थांबायचं. सगळं तोंडपाठ केलं. लिवता येत नाय ना, मंग ध्यानात पक्कं ऱ्हातं.

मी परत कामावर गेली. मुकादमानं घेतली, दोर नाय दिला, चा करायला आन् तराफ्यातलं पानी उपसायला. त्याला वाटलं भूक लागली म्हनून आली. भूक तर व्हतीच. पन मी रोज त्याला बघायची. नळी कापायची, चात काय घालायचं, तराफ्यावरून ढकलायचा, सगळं मनात करून बघितलं मी, एकदा नाय, शंभर येळा. वर्स गेलं असंच. सुंभ जळंल पन पीळ नाय जानार, मी तशीच हाय.

मंग तो नवा इंजनेर सायेब आला. तरना, उन्हानं लाल झालेला, कोनाचं ऐकून घेनारा नाय. खालचं एक दार पुरतं बसत नव्हतं. वंशा म्हने लोखंड वाकलंय, मुकादम म्हने ओंडका अडकलाय, सायेब वैतागला. बोलला, ह्या लोकांना नट-बोल्ट कळत नाय, मुकादम, तू गोदीत काम केलंस म्हनतोस ना, तूच उतर, स्वता हात लावून बघ आन् मला सांग. मुकादम बोलला, सायेब, वय झालं, सवय गेली. सायेब बोलला, दहा मिन्टांपूर्वी तर सांगत व्हतास ह्यात धोका काय नाय.

डाक्टरीनबाई बी त्या दिवशी व्हती, पेटी घेऊन काठावर. मुकादमानं पट्टा बांधला, पोटावर बक्कल लागंना, वंशानं दाबून लावला. दोर धरायला वंशाची बायको, बायजी. ती उठली, दोर हातात घेतला, माज्याकडं बघितलं आन् परत खालती ठेवला. बोलली, हात भरून आलाय माजा, जमनार नाय. काय झालं नव्हतं तिच्या हाताला. मंग मी फुडं झाली आन् दोर उचलला.

मुकादम बोलला, ही नको. सायेब बोलला, का. तर बोलला, हिचा हात वाईट हाय, हिनं नवऱ्याला मोडला. सायेब थांबला. बोलला, कोन नवरा, तो लहानू, अरे तुज्या कागदावर तर तो डोंगरावरून पडलाय. मी वाचलाय तो कागद. आता सांगा तुमी, काय बोलनार. डोंगरावरून पडला म्हनावं तर माजा हात चांगला. माजा हात वाईट म्हनावं तर कागद खोटा. दोन्ही खोटं त्यानंच जन्माला घातलेलं, दोघांनी दोन बाजूंनी धरला त्याला. तोंडात नळी घातली आन् उतरला.

एक चिंधी गेली, दोन गेल्या, तेरा गेल्या. दोर हातात आन् दत्तू दोराला. मी डोळे मिटले. तो जाळीवर चालत व्हता, हात लावत व्हता, सगळं मला कळत व्हतं. तीन हिसके आले की एका दमात तेरा चिंध्या वढायच्या, बस. कोन मला धरनार. त्यानंच शिकवलंय भरभर वढ. त्याची बायको त्याच्या मांडीला चिमटा काढंल, त्याला कळनार नाय. पाऊन तास असा गेला.

तीन हिसके आले.

मी वढला. हळू. अकरा चिंध्या भायेर आल्या, दोन ऱ्हायल्या, आन् मी दोर खुंट्याला गुंडाळला आन् वरून एक हिसका दिला. थांब. डाक्टरीनबाईनं काठावरून हाताची बोटं दावली, दहा आन् पाच. मी घड्याळात बघितलं.

का थांबवला म्हनाल. दया आली म्हनून नाय, तसं लिवू नका. मारला असता तर चांगुणाचा हात वाईट हे पक्कं झालं असतं, आन् त्याचं खोटंच खरं ठरलं असतं. मला त्याला जित्ता वर काढायचा व्हता. पन माज्या दादल्याला जे दिलं नाय ते त्याला पुरेपूर द्यायचं व्हतं, एक मिन्ट कमी नाय.

खालून तीन हिसके. मी एक दिला. परत तीन. परत एक. मंग तीन तीन तीन, कोंबडी उलटी धरल्यावर फडफडते तसा दोर फडफडायला लागला. सायेब बोलला, बाई, वर घे की. डाक्टरीनबाईनं त्याला हात केला, थांबा, हे बरोबर हाय. मी बसून ऱ्हायली. खालती त्याच्याभवती काळं थंडगार पानी, मशीनची धडधड, दोर त्या बाईच्या हातात जिच्या घरी आपन ओटीवर बसून चा प्यायलो. दे हिसके. जीपची किल्ली आठवते का. दे. पंधरा मिन्टं झाली, बाईनं हात खालती घेतला. मी उठली नाय. आनखी पाच मिन्टं ठेवला. पंधरा डाक्टरीनबाईची, पाच माजी.

आन् त्या पाच मिन्टांत माज्या ध्यानात आलं. मी एकदम उभी ऱ्हायली. पट्टा. बक्कल तर त्याच्या पोटावर हाय, एका बोटानं सुटतं, पट्टा सोडला की मानूस बुचासारखा वर येतो, दोन वाव काय लांब हाय. दोर माज्या हातात असला तरी काय. येवढा भ्यालाय, येवढे हिसके देतोय, मंग सोडत का नाय.

वर काढला. वठ निळे, दात वाजतायत, तराफ्यावर पडला तो उठंना. डाक्टरीनबाईनं तराफ्यावर येऊन वायर लावली. धप धप, धप धप. लाही एक नाय. सायबाला बोलली, तेवढीच खोली, पाऊन तास, थांबून आला, रगत साफ. लहानू पाच येळा गेला, एकदा बी थांबू दिला नाय.

मुकादम उठून बसला आन् मला आयशीवरून शिव्या द्यायला लागला, सायेब, हिनं मला मारायला ठेवला व्हता. मी बोलली, सायेब, बक्कल ह्याच्या हाताशी व्हतं. सोडलं असतं तर तवाच वर आला असता. का नाय सोडलं ते ह्याला इचारा.

आन् तो बोलला. रागात भायेर पडलं त्याच्या तोंडून. सोडून काय करू, लुळा होऊ.

मशीन बंद केलेलं. वंशानं ऐकलं, बायजीनं ऐकलं, सायबानं ऐकलं. तोपर्यंत माज्या मनात कुठं तरी व्हतं का हा मानूस अडानी हाय, कागद वाचला नसंल, समजलं नसंल. नाय. ठाऊक व्हतं. वढ वढ म्हनताना ठाऊक व्हतं, झोळीत वाकून बघितलं तवा ठाऊक व्हतं. दोराचं ओलं टोक माज्या हातात व्हतं, ते मी त्याच्या पाठीत वढलं. एकदाच. सायबानं तोंड फिरवलं, बघितलं नाय म्हनून.

मंग काय, सायबानं कागद बदलला, दत्तूला धरनावरून काढला. ते चौकटीचं कोष्टक शेडच्या पत्र्यावर मराठीत रंगवलं, आन् वाचता येत नाय त्यांच्यासाठी बाईनं चिंध्यांची चित्रं काढली. त्यानंतर आमच्यातला एक बी मानूस मोडला नाय. बाईच्या पुस्तकात खिंडीचं छापून आलं म्हनतात, वाघोबाचं नाव हाय का नाय ते मला ठाऊक नाय. सासू दुसऱ्या दिवशी इहिरीवर आली माज्याबरोबर, सगळ्या बायांम्होर दोर माज्या हातात दिला आन् बोलली, वढ. बोलायचं तेवढंच बोलली, तिला बी माज हाय. पाय मात्र आले नाय. बारा वर्सं झाली, उचलून ओटीवर ठेवते, उचलून आत नेते, पाठीला जखमा होतात त्या धुते.

गेल्या महिन्यात दत्तूची सून आली व्हती शहापूरवरून. चढून आली बिचारी, पोट सहा महिन्यांचं. बोलली, सासरे अंथरुनाला खिळलेत, डोळा लागला की वरडत उठतात, मी लटकलोय, कोनी तरी वर घ्या. तुमचं नाव घेतात. एकदा येऊन तोंडानं बोला माफ केलं म्हनून, म्हंजे सुटतील.

तिला मी भाकरी वाढली, मासळीचं कालवन वाढलं, पोटावरून हात फिरवला, बोलली, पोरी, तुजं भलं होवो, पोर हातापायांनी धड होवो, माजा तुज्यावर काय राग नाय. पन सासऱ्याला सांग, चांगुणानं दोर सोडला नाय, घट्ट धरलाय. अजून टाइम झाला नाय.

लहानू ओटीवरून ऐकत व्हता. बोलला, घे गो वर त्याला, झालं आता.

मी बोलली, पाय तुजे गेले, तू माफ कर. दोर धरनारी मी हाय.